५५ ची फाईल आणि ५८ ची तारीख : सहायक फौजदाराला सक्तीने घरी पाठवतात का?

कोल्हापुरातल्या एका पोलीस लाईनीतून एका मुलीने विचारलंय. वडील १९९४ साली शिपाई म्हणून भरती झाले. २००७ ला नाईक, २०१३ ला हवालदार, २०२२ ला सहायक फौजदार. सेवापुस्तकात जन्मतारीख १ जून १९७१, खरी मात्र ऑक्टोबरमधली. येत्या जूनमध्ये ५५ पूर्ण होतील. २००९ साली एक वेतनवाढ वर्षभरासाठी रोखली होती, गेली दोन-तीन वर्षं शुगर आहे. ठाण्यात कुणीतरी सांगितलं, "५५ ची फाईल वर गेलीय, तुमचं नाव आहे, सक्तीने घरी पाठवण्यापेक्षा आधीच व्हीआरएस टाका." तेव्हापासून वडील नीट जेवत नाहीत. तिचे प्रश्न तीन : खरंच घरी पाठवतील का, व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, टाकावी का, आणि जन्मतारीख दुरुस्त करता येईल का.

उत्तरंही आधीच देऊन टाकतो. बहुतेक नाही. टाकू नये. आणि नाही. आता सविस्तर.

मी पोलीस खात्यात वर्दीतला नव्हतो. लिपिक म्हणून लागलो आणि आस्थापना शाखेतून बाहेर पडलो. गोपनीय अहवाल, सेवापट, निवृत्तिवेतनाची प्रकरणं यांच्या गठ्ठ्यांतच नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही लोक पिशवीत कागद घेऊन घरी येतातच. त्यामुळे "फाईल वर गेलीय" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याचा हिशेब नाही. फाईल वर जाते, खरंच जाते. ती प्रत्येकाचीच जाते, एवढं सांगणारा सांगत नाही.

घोळ शब्दातच आहे. "सक्तीची निवृत्ती" म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतात. वय झालं म्हणून सगळ्यांना जावं लागतं, त्याला नियत वयोमान म्हणतात. त्याआधी नोकरीचं पुनर्विलोकन करून, लोकहितासाठी म्हणून, एखाद्याला लवकर घरी पाठवतात, ती मुदतपूर्व निवृत्ती. आणि खातेनिहाय चौकशीत दोषी ठरल्यावर शिक्षा म्हणून सक्तीने निवृत्त करतात, ती तिसरी. पहिलीत डाग नाही. दुसरीतही कायद्याने डाग नाही, गल्लीत मात्र लागतो. तिसरी ही शिक्षाच. तुमच्या वडिलांच्या डोक्यात या तिन्ही एक झाल्या आहेत.

राज्याच्या पोलिसांना निवृत्तीचा वेगळा नियम नाही. शिपायापासून राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ हेच लागू. त्यातला नियम १० सांगतो की ५८ वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतील त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्यान्होत्तर सेवानिवृत्त. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे तुमचे वडील १ जूनचे, तर त्यांची तारीख ३० जून नाही, ३१ मे २०२९.

आपल्याकडे १ जून ही तारीख किती जणांची आहे बघा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी नाव घालून घ्यायचे, आणि जन्मतारीख आईबापांना सांगता आली नाही की १ जून ठोकून द्यायचे. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कुठलाही तालुका घ्या. त्यामुळे ३१ मे ला प्रत्येक सरकारी कचेरीत निरोपाची रांग लागते. आमच्याकडे तर त्या दिवशी फेटे बांधणारा एकच माणूस सकाळपासून बसलेला असायचा, आणि नारळ कमी पडतील म्हणून दोन पोती आधीच आणून ठेवायचो. एकाच दिवशी निवृत्त होणारे सगळे खुर्च्यांवर ओळीने. गुलाबी फेटा, खांद्यावर शाल, मांडीवर पाकीट. साहेब घाईत. त्यांना दुसऱ्या ठाण्यात आणखी तीन निरोप.

गुरुजींनी हात जरा सैल सोडून २ जून लिहिलं असतं तर? माणूस ३० जूनला निवृत्त झाला असता. एक महिन्याचा पगार जास्त, हे तर झालंच. पण वार्षिक वेतनवाढ १ जुलैची असली, की ३० जूनला जाणाऱ्याचं पूर्ण वर्ष भरलेलं असतं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या वीज कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितलं की त्या कमावलेल्या वर्षाची वेतनवाढ त्याला द्यायला हवी, आणि आपल्या राज्यानेही त्याच वर्षी ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तिवेतनापुरती ती काल्पनिक वेतनवाढ मान्य केली. ३१ मे वाल्याचे अकराच महिने भरतात, त्याला ती नाही. एका दिवसाच्या फरकाने जन्मभराच्या पेन्शनमध्ये फरक. नियम म्हणून मला तो समजतो. माणूस म्हणून अजून पचलेला नाही.

आता जन्मतारीख बदलण्याचं. ऑक्टोबरची तारीख लागली तर वडिलांना पाच महिने जास्त मिळतील, हा हिशेब तुम्ही घरी मांडलाच असेल. सोडून द्या. सेवेच्या सर्वसाधारण शर्तींचे १९८१ चे नियम आहेत, त्यात नियम ३८ खाली नोंद दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. १९९४ ला लागलेल्या माणसाची ती मुदत १९९९ ला संपली. सुप्रीम कोर्टाने १९९३ च्या हरनाम सिंग प्रकरणापासून हेच धरून ठेवलंय : नोकरीच्या शेवटी जाग आलेल्याला तारीख बदलून मिळत नाही. आता गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा काढायला पळू नका, आणि "मी करून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका. असा प्रयत्न केलेली एक फाईल मी पाहिलीय. उताऱ्यात खाडाखोड निघाली आणि सरळ चाललेल्या माणसामागे निवृत्तीच्या वर्षी चौकशी लागली.

५८ च का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण लाईनीत तो रोज निघतो म्हणून थोडं. केंद्राने आपल्या नोकरांचं वय १९९८ मध्ये ५८ वरून ६० केलं. कर्नाटकात ६० आहे, गोव्यात ६० आहे. आपल्याकडे संघटना कित्येक वर्षं मागताहेत, पण गट अ, ब, क साठी ५८ च राहिलं. कोगनोळीच्या हद्दीवर बंदोबस्त लागतो तेव्हा अलीकडे कागलचा आपला हवालदार उभा असतो आणि पलीकडे निपाणीचा त्यांचा. दोघं एकाच वर्षी जन्मलेले असले तरी आपला दोन वर्षं आधी फेटा बांधून घरी जातो. याहून गंमत मुख्यालयातच आहे. गट ड ला आपल्याकडे ६० वर्षं आहेत, त्यामुळे मेसमध्ये भाकरी थापणारा अनुयायी ६० ला जातो आणि त्याच्या हातची भाकरी खाऊन बंदोबस्ताला जाणारा जमादार ५८ ला. भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी केंद्राच्या नियमाने ६० ला. राज्य सेवेतला उपअधीक्षक बढतीने भापोसेत गेला की त्यालाही ६०. पोलीस महासंचालकांचं तर आणखी वेगळं : प्रकाश सिंग प्रकरणात २००६ साली सुप्रीम कोर्टाने त्या पदाला निवृत्तीची तारीख काहीही असली तरी किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितलं.

माझं मत विचाराल तर वर्दीतल्या कनिष्ठ माणसाला सरसकट ६० करणं मला फारसं पटत नाही. चैत्रात जोतिबाचा डोंगर, मग गणपती, मग अंबाबाईचं नवरात्र, आणि मध्ये पंचगंगा चढली की चिखली-आंबेवाडीला बोटीतून माणसं काढायची. हे ५९ व्या वर्षी गुडघे धरून करायला लावणं म्हणजे कृपा नव्हे. पण हे माझं मत, आणि लाईनीत ते कुणालाही आवडत नाही.

आता मूळ भीती. ५५ ची फाईल.

नियम १० मध्येच पोटनियम ४ आहे. त्यानुसार सक्षम प्राधिकाऱ्याला लोकहितासाठी एखाद्याला ५८ च्या आधी निवृत्त करता येतं. राजपत्रित अधिकारी ३५ वर्षं वयाच्या आत नोकरीला लागला असेल तर ५० नंतर, अराजपत्रिताला, म्हणजे तुमच्या वडिलांसारख्याला, ५५ नंतर. शिवाय नियम ६५ खाली ३० वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावरही. अर्हताकारी म्हणजे पेन्शनला धरली जाणारी. हे सगळं एकत्र करून २०१९ च्या जूनमध्ये सामान्य प्रशासन विभागाने सविस्तर शासन निर्णय काढला. वय किंवा तीस वर्षं यापैकी जो टप्पा येईल त्याच्या आधी प्रत्येकाचं प्रकरण पुनर्विलोकन समितीपुढे ठेवायचं आणि समितीने शिफारस करायची : पुढे चालू ठेवण्यास पात्र, किंवा अपात्र.

प्रत्येकाचं. हा शब्द वडिलांना दोनदा वाचून दाखवा. यादीत नाव येणं म्हणजे आरोप नव्हे. ते शाळेच्या हजेरीत नाव असण्यासारखं आहे. यादी आस्थापना शाखेत संगणकावरून जन्मतारखेच्या आणि नेमणुकीच्या क्रमाने निघते. ती काढणाऱ्या लिपिकाला तुमचे वडील कोण हेही माहीत नसतं. मग गोपनीय शाखेतून अहवाल येतात, चौकशी शाखेतून काही प्रलंबित आहे का याचा दाखला येतो, आणि एका माणसामागे एक अर्ध्या पानाचा गोषवारा तयार होतो. समितीपुढे तोच जातो. अशा बैठकीसाठी गोषवारे मीच टाईप केलेत. बहुतेक नावांवर चर्चा होतच नाही. कागद उलटतो, "पात्र", पुढचा. माझ्या आठवणीत चहा थंड होईपर्यंत ज्यांच्यावर बोलणं झालं ती मोजकी नावं, आणि त्यांतली बरीचशी आम्हाला आधीच ठाऊक असायची : एक लाचेच्या गुन्ह्यातला, एक वर्षातले आठ महिने विनापरवाना गैरहजर राहणारा, एक ज्याचे अहवाल सलग सहा-सात वर्षं घसरलेले.

बघायच्या गोष्टी तीनच असतात. सचोटी शंकेपलीकडची आहे का, काम कसं आहे, आणि प्रकृती नोकरी झेपण्याजोगी आहे का. काम म्हणजे गोपनीय अहवालांची प्रतवारी, आता ज्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात तो. "चांगला" च्या खाली एकूण प्रतवारी जात नसेल तर त्या बाजूने भीती नाही. तुमच्या वडिलांना २०१३ ला आणि २०२२ ला बढती मिळालीय. अहवाल पडलेले असते तर ती मिळाली नसती.

शुगरचं. शुगर, बीपी असलेल्यांना घरी पाठवायचं ठरवलं तर ठाण्याला कुलूप लावावं लागेल. प्रकृतीचा मुद्दा येतो तो माणूस वर्षानुवर्षं कुठलीच ड्युटी करू शकत नाही, कायम वैद्यकीय रजेवर किंवा कायम हलक्या ड्युटीवर आहे, अशा वेळी. वडील रात्रपाळी करताहेत, ठाणे अंमलदार म्हणून बसताहेत, तर प्रश्न नाही. फक्त आजारी रजा घेतली की दाखला आणि हजर झाल्याचा फिटनेस दोन्ही द्या आणि पोच ठेवा. बरेच जण पहिला देतात, दुसरा विसरतात. कागदावर तो माणूस आजारीच राहतो.

मग २००९ ची वेतनवाढ. इथे जरा थांबतो, कारण वडिलांची झोप याच एका ओळीने उडवलीय.

या निवृत्तीबद्दल सुप्रीम कोर्टाचा पाया म्हणावा असा निकाल १९९२ चा, बैकुंठनाथ दास यांच्या प्रकरणातला. त्यात कोर्टाने म्हटलं की ही निवृत्ती शिक्षा नाही, त्यामुळे आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यायची गरज नाही. संपूर्ण सेवेचा पट बघायचा, पण अलीकडच्या वर्षांना जास्त वजन द्यायचं. आणि प्रतिकूल शेऱ्यांनंतरही माणसाला गुणवत्तेवर बढती मिळाली असेल तर त्या शेऱ्यांची धार जाते. २००१ मध्ये गुजरातच्या उमेदभाई पटेल प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं, आणि आणखी एक महत्त्वाचं : चौकशी टाळण्याची पळवाट म्हणून ही निवृत्ती वापरायची नाही. वडिलांची शिक्षा किरकोळ, सोळा-सतरा वर्षांपूर्वीची, आणि तिच्यानंतर दोन बढत्या. धार बोथट झालीय.

पण ही गोष्ट सगळ्यांना सारखी लागू नाही, हेही सांगायला हवं, कारण हे वाचून दुसरा कुणी गाफील राहील. २०१० मध्ये झारखंडच्या प्यारे मोहन लाल प्रकरणात कोर्टाने स्पष्ट केलं की बढतीने सगळं धुऊन निघतं असं नाही, संपूर्ण पट बघता येतो, आणि सचोटीवरचा एखादा डागही पुरेसा ठरू शकतो. उशिरा आल्याची शिक्षा आणि पैसे घेतल्याची शिक्षा यांत फरक आहे. २००९ ची शिक्षा कशाबद्दल होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. वडिलांना विचारा. बंदोबस्ताला उशीर, तपासात ढिलाई, रजेवरून उशिरा हजर, असलं काही असेल तर शांत झोपा.

आणि सेवापटाची दुसरी बाजू कुणी बघतच नाही. पोलिसाच्या सेवापटात शिक्षा एका बाजूला आणि बक्षिसं दुसऱ्या बाजूला लिहितात. तीस वर्षांच्या माणसाची शंभर-सव्वाशे बक्षिसं सहज असतात. पंचवीस रुपये, पन्नास रुपये, प्रशस्तिपत्र. २०१९ च्या पुरात ज्यांनी काम केलं त्यांतल्या कित्येकांना मिळालेलं बक्षीस सेवापटात चढलेलंच नाही, कारण आदेश एका शाखेत निघाला आणि सेवापट दुसऱ्या शाखेत होता. गोषवाऱ्यात "बक्षिसे : १२८, शिक्षा : १" असं दिसलं की समितीतला माणूस पुढचं पान उलटतो. ते आकडे बरोबर आहेत का हे बघणं तुमच्या हातात आहे.

समजा, धरून चला, आदेश आलाच. तर तीन महिन्यांची नोटीस किंवा तीन महिन्यांचा पगार मिळतो. पेन्शन झालेल्या सेवेवर नियमाप्रमाणे पूर्ण, उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळतं, अर्जित रजेचे शिल्लक दिवस ३०० च्या मर्यादेत रोख मिळतात. आदेशाविरुद्ध लगेच अभिवेदन, म्हणजे खात्याकडे लेखी म्हणणं, द्यायचं, कारण खात्यातला उपाय संपवल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा दारात उभं करत नाही. आणि मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. वर्षभराच्या आत. इथे कोल्हापूरकरांचा हल्ली एक गैरसमज होतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे "आता मुंबईला कशाला, इथंच टाकू" असं लोक म्हणतात. राज्य नोकराच्या सेवेचा वाद आधी मॅटमध्येच न्यावा लागतो, १९९७ च्या चंद्रकुमार निकालापासून हे पक्कं आहे, आणि आपल्याला मॅटचं मुंबईचं पीठ. तिथे हरलात तर उच्च न्यायालय, तेव्हा सर्किट बेंचचा उपयोग. मॅटमध्येही निर्णय योग्य होता का हे पुन्हा तपासत नाहीत. आकसाने केला का, पुराव्याशिवाय केला का, पटावर काहीच नसताना केला का, एवढंच बघतात. पण पट स्वच्छ असेल तर एवढंही पुरतं.

तिसरी, शिक्षेची सक्तीची निवृत्ती, तुमच्या वडिलांना लागू नाही म्हणून दोन वाक्यांत. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २५ खाली आणि १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांनी, दोषारोपपत्र देऊन रीतसर चौकशी झाल्यावरच होते, आणि तिथे पेन्शन पूर्ण मिळेलच असं नाही, ती कमी होऊन दोन तृतीयांशावर येऊ शकते. बडतर्फीत तर पेन्शनच जाते.

याला चिकटून एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. निवृत्तीच्या दिवशी खातेनिहाय चौकशी किंवा कोर्टात खटला चालू असेल तर माणूस निवृत्त होतो, चौकशी निवृत्त होत नाही. नियम १३० प्रमाणे तात्पुरती पेन्शन सुरू होते आणि उपदान निकाल लागेपर्यंत अडकतं. निवृत्तीनंतर नव्याने चौकशी काढायची तर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल काढता येत नाही, आणि त्याला शासनाची मंजुरी लागते. "३१ मे झाली की सुटलो" म्हणणारे मी पाहिलेत. आणि शेवटच्या सहा महिन्यांत मुद्देमालाच्या एका नोंदीवरून अडकलेलेही पाहिलेत. वडिलांकडे कधी मुद्देमाल कारकुनाचा चार्ज होता का? असेल तर चार्ज देताना केलेल्या यादीची सही-शिक्क्याची प्रत आज शोधून ठेवा.

आता व्हीआरएस. नियम ६६ प्रमाणे २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. नोटिशीच्या मुदतीत नकार आला नाही तर ती आपोआप लागू होते, आणि एकदा दिलेली नोटीस मागे घ्यायची तर त्या तारखेच्या आत, तीही मंजुरीने. म्हणजे रागाच्या किंवा भीतीच्या भरात दिलेला कागद परत मिळेलच असं नाही.

हिशेब मांडू. आकडा समजण्यापुरता घ्या : मूळ वेतन आज ५०,००० धरलं, तर आज बाहेर पडल्यावर मूळ पेन्शन २५,०००. थांबले तर जुलै २०२६, २०२७ आणि २०२८ अशा तीन वेतनवाढी, तीन-तीन टक्क्यांच्या. मूळ वेतन साधारण ५४,६०० आणि पेन्शन २७,३०० च्या आसपास, त्यावर महागाई भत्ता. हा फरक जन्मभराचा, आणि पुढे आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातही तोच उतरतो. मधली तीन वर्षं पूर्ण पगार मिळतो तो वेगळा. उपदान दर सहामाहीला पाव महिन्याचा पगार या हिशेबाने, जास्तीत जास्त साडेसोळा पट, आणि रकमेची कमाल मर्यादा सप्टेंबर २०२४ पासून १४ वरून २० लाख झालीय. तेही शेवटच्या पगारावर. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो, म्हणजे एकरकमी उचलता येतो, आणि १५ वर्षांनी तो परत मिळायला लागतो. मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी एकरकमी पैसे हवेत म्हणून काही जण व्हीआरएस घेतात, तो ज्याचा त्याचा निर्णय. पण मुदतपूर्व निवृत्तीतही पेन्शन मिळणारच असते. मग जी गोष्ट बहुधा होणारच नाही आणि झाली तरी पेन्शन बुडवत नाही, तिच्या भीतीने तीन वर्षांचा पगार आपल्या हाताने का सोडायचा?

हे गणित जुन्या पेन्शनवाल्यांचं आहे. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांनी ते स्वतःला लावू नये. त्यांचं व्हीआरएसचं गणित अगदी निराळं, आणि बहुतेकदा आणखी तोट्याचं.

भीती बाळगायचीच असेल तर सेवापुस्तकाची बाळगा. माझी एक चूक सांगतो. कोणत्या कार्यालयात ते सोडा. एका हवालदाराची दुसऱ्या जिल्ह्यातून बदली होऊन आली, सोबत सेवापुस्तक आलं. मधल्या सात महिन्यांची सेवा पडताळणीची नोंद तिकडच्या कार्यालयाने केली नव्हती. मी पान बघितलं, पेन्सिलने कडेला फुली मारली, "नंतर पत्र टाकू" म्हटलं आणि विसरलो. अठरा वर्षांनी तो निवृत्त व्हायला आला तेव्हा वेतन पडताळणी पथकाने पुण्याहून पुस्तक आक्षेपासह परत पाठवलं. ते सात महिने सिद्ध करायला जुनी पगारपत्रकं हवी होती, आणि ज्या खोलीत ती होती तिथे पुराचं पाणी शिरून गेलेलं. फुली माझीच होती, अजून स्पष्ट दिसत होती. माणूस पेन्शनसाठी नऊ महिने हेलपाटे घालत होता आणि मला प्रत्येक वेळी "साहेब" म्हणत होता.

म्हणून वडिलांनी आता करायचं ते एवढंच. आस्थापना शाखेत दोन ओळींचा अर्ज : सेवापुस्तक व सेवापट पाहण्यास मिळावा. तो हक्क आहे, उपकार नाही. पुस्तक हातात आलं की पहिल्या पानावरची जन्मतारीख अक्षरी आणि अंकी सारखी आहे ना ते बघा. मग १९९४ पासून दर वर्षाची सेवा पडताळणीची नोंद बोट ठेवून मोजा. प्रशिक्षणाचे महिने धरलेत का, बदलीच्या दोन तारखांमध्ये भोक आहे का, असाधारण (बिनपगारी) रजा कुठे लागलीय का, प्रत्येक वेतननिश्चितीखाली पडताळणी पथकाचा शिक्का आहे का. नामनिर्देशनात अजून आजीचं नाव असेल तर आईचं करून घ्या. हे निम्म्या घरांत राहून गेलेलं असतं. बक्षिसांचे घरी असलेले कागद आणि सेवापटातले आकडे जुळवा. जे नाही ते दुसऱ्या अर्जाने मागा. निवृत्तीचं प्रकरण दोन वर्षं आधी तयार व्हायला लागतं आणि सहा महिने आधी मुंबईला महालेखापालांकडे जायला हवं, म्हणजे वडिलांच्या बाबतीत २०२७ च्या मे पासून कार्यालय त्याला हात लावेल. त्याआधी तुमचं घर आवरलेलं हवं.

अर्ज दोन प्रतींत न्या, आणि आपल्या प्रतीवर बारनिशीचा, म्हणजे आवक-जावक टेबलाचा, शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.